अडीच वर्षांच्या मुलीसाठी खेळायच्या पिशव्या: नाडी, चेन की काहीच नको?

सोलापुरातल्याच एका ताईंनी विचारलंय. मुलगी अडीच वर्षांची आहे. घरात दिसेल त्या पिशवीत चमचे, डब्यांची झाकणं, कांदे, बाबांचे मोजे असं काहीही भरते आणि घरभर हिंडते. त्यात प्लास्टिकच्या पिशव्याही असतात, म्हणून आईला धास्ती. शिलाई मशीन नवीनच घेतलंय, सरळ टीप जमते, त्यापुढे फारसं काही नाही. मुलीसाठी चार-पाच छोट्या पिशव्या शिवायच्या आहेत. कापड कोणतं घ्यावं, माप किती, नाडी लावावी की चेन, आणि घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीच्या शिवल्या तर चालतील का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शिवायचं कसं ते सांगतेच. पण ताई, तुमची मुलगी पिशवी घेऊन बाजाराला निघालेली नाही. ती भरते, दोन पावलं जाते, ओतते आणि परत भरायला बसते. या वयात खेळ म्हणतात तो हाच. आपल्याला पिशवी म्हटलं की आतलं सांडू नये याची काळजी, तिला तर सांडायचंच असतं. नाडी, चेन, बटण ही सगळी मोठ्या माणसांची सोय झाली. माझ्या शिवणवर्गात येणाऱ्या आज्या नातींसाठी चेनची पर्स फार हौसेनं शिवतात, सुबकही असते, आणि नात खेळते ती भाजीच्या पिशवीशी. पर्स तिला एकटीला उघडता येत नाही. दर वेळी 'आजी, उघड' म्हणायला लागलं की खेळ मोडतो. म्हणून माझं उत्तर आधीच देऊन टाकते: तोंड उघडं ठेवा, तळ बसका करा, धरायचे बंद आखूड लावा. मिटायला काहीही नको.

यातलं काही तुमच्या घरावरही अवलंबून आहे. मुलगी अजून वस्तू तोंडात घालते का? घालत असेल तर पिशवीचा कोपरा आणि बंद दोन्ही चोखले जाणार, तेव्हा कापडाच्या रंगाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. घरात रांगणारं बाळ असेल तर पिशवी मोठीसाठी असली तरी शिवा बाळाच्या हिशेबानं, कारण जमिनीवर पडलेलं खेळणं घरातल्या सगळ्यात धाकट्याचं असतं. आणि पिशवी घरातच राहणार की बागेत, घसरगुंडीवरही जाणार, यावर बंदाची लांबी ठरते. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती घरातच राहील असं धरून पुढचं सांगते.

माप घेताना टेप घेऊन मुलीला उभी करा. हात खाली सोडायला सांगा, मूठ वळू द्या, आणि मुठीपासून जमिनीपर्यंत मोजा. अडीच वर्षांच्या मुलांचं हे अंतर साधारण १३-१४ इंच भरतं. पिशवीची उंची अधिक बंदाची उंची मिळून याच्या आत राहायला हवी, नाहीतर पिशवी फरशीवर घासत जाते आणि मूल तिच्यात पाय अडकून पडतं. बाजारात मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पिशव्या इथेच चुकतात. रुंदी कमी करतात, उंची तशीच ठेवतात.

दुसरं माप डोक्याचं. कपाळावरून मागे टेप फिरवून बघा, या वयात १९ इंचांच्या आसपास येतं. पिशवीच्या तोंडाचा घेर याच्यापेक्षा कमी ठेवायचा, म्हणजे टोपी म्हणून डोक्यावर घेतली तरी नाकातोंडावर खाली ओढली जात नाही. बंदाचं भोकही डोकं शिरणार नाही एवढंच हवं. मी जे माप सांगणार आहे त्यात तोंडाचा घेर १६ इंच आणि बंदाचं भोक १३ इंच आहे. त्यात तिचा हात खांद्यापर्यंत जातो, डोकं जात नाही. मूल मोठं असेल तर हे दोन्ही आकडे तुम्हीच मोजून बदला, माझ्या मापावर विसंबू नका.

आता कापड. प्लास्टिकची भीती तुम्हाला वाटते ती रास्तच आहे. श्वास आत ओढला की पातळ प्लास्टिक नाकाला चिकटतं आणि मुलाला ते काढता येत नाही. राज्यात कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, तरी त्या घरात येतातच. दुकानदार 'कापडी' म्हणून देतात ती फडफडीत पिशवीसुद्धा कापडाची नसते, न विणलेलं प्लास्टिकच असतं ते. काही महिन्यांत तिचा भुगा पडायला लागतो आणि तो मुलाच्या तोंडात जातो. विणकरांच्या गावात राहून आपण त्याला कापड म्हणावं हे मला पटत नाही! तेव्हा रेक्झिन, मेणकापड, छत्रीचं कापड हे अस्तर म्हणूनसुद्धा नको. हवा आरपार जाईल असं सुती कापड घ्या.

पहिली पिशवी मांजरपाटाची शिवा. स्वस्त आहे, सुईखाली घसरत नाही, खडूची खूण नीट उमटते, आणि रंगच नसल्यामुळे चोखलं तरी चिंता नाही. मात्र त्याला खळ असते. कापायच्या आधी गरम पाण्यात भिजत घाला, धुवा, वाळवा, इस्त्री करा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतंच, आणि शिवल्यावर आटलं तर शिवणीला चुण्या पडतात. पॉपलिन मऊ असतं पण एकपदरी पिशवीला पातळ पडतं. केसमेंट चांगलं, पडद्यांच्या दुकानात तुकडे मिळतात. नवी पेठ किंवा मधला मारुती भागात कापडाच्या दुकानांत कटपीस मागा, अख्ख्या मीटरची गरज नाही.

आपल्याकडे आणखी एक सोय आहे, ती दुसऱ्या गावात इतक्या सहज नसते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे गारमेंटवाले भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडची कातरण किलोवर मिळते. निळं, खाकी, चॉकलेटी टेरिकॉट. ते आटत नाही, रंग सहसा सोडत नाही आणि झिजायलाही वेळ लागतो. अख्खी पिशवी त्याची करू नका, उन्हाळ्यात हाताला गरम लागतं आणि कोपरे कडक होतात. पण बंदांना त्यासारखं कापड नाही. सराव करायलाही कातरणच घ्या, नवीन मशीनवर पहिल्या टिपा कोऱ्या कापडावर मारायच्या नसतात.

रंगीत कापड असेल तर पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड तोंडात घालणाऱ्या मुलासाठी नाही. 'मिठाच्या पाण्यात ठेवा, रंग पक्का होतो' असं आपल्या आया-सासवा सांगत आल्या, पण रंगून झालेल्या कापडाचा रंग मिठानं पक्का होत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत धुवायचं, आणि चार धुण्यांनंतरही रुमाल रंगत असेल तर त्याचं पायपुसणं करायचं.

कापायचं माप इंचात देते, आपल्याकडे टेप तसाच वाचतात. पिशवीसाठी एकच सलग तुकडा, ९ इंच रुंद आणि १९ इंच लांब. तळाशी जोड नाही, घडी येते, म्हणजे वजन पडतं तिथे उसवायला शिवणच नसते. बंदांसाठी ३ इंच रुंद, १४ इंच लांब अशा दोन पट्ट्या. पिशवीची लांबी आणि पट्ट्यांची लांबी दोन्ही काठाला समांतर, म्हणजे ताण्याच्या दिशेनं घ्या. ताणा कमी ताणला जातो. आडव्या धाग्यात कापलेले बंद महिनाभरात लोंबायला लागतात आणि मग ते मुठीचं माप सगळं बिघडतं. ३६ इंच पन्ह्याच्या मीटरभर मांजरपाटात, आटल्यावरसुद्धा, अशा तीन पिशव्या बंदांसकट निवांत निघतात.

मशीनला १४ नंबरची सुई, टाका मध्यम, इंचाला साधारण दहा टाके पडतील असा. बॉबिनला आणि वर एकाच जातीचा दोरा. जुन्या पेटीतला सुती दोरा हातानं ओढून बघा, पटकन तुटला तर तो इथे नको. दर शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलट मारून परत पुढे या. तुमच्या मशीनला उलट टाक्याचा खटका नसेल तर कापड फिरवून त्याच टिपेवर परत एकदा चालवा.

बाजूंना फ्रेंच सीम घाला. नाव मोठं आहे, काम सरळ टिपेचंच. कडा गुंफणारं ओव्हरलॉक मशीन नसलेल्या घरासाठी याच्याइतकी चांगली शिवण नाही, कारण कापडाची कापलेली कड आत कायमची मिटून जाते. मुलांच्या पिशवीत दशा सुटल्या की त्यांचा धागा बोटाभोवती गुंडाळला जातो. अगदी तान्ह्या बाळाच्या बोटाला केस किंवा धागा आवळला जाऊन बोट सुजल्याचं तुम्हीही ऐकलं असेल. दिसण्यापेक्षा मी त्यासाठी आग्रह धरते.

तर कापड मधोमध घडी घाला, सुलट बाजू बाहेर ठेवून. हो, बाहेरच. वर्गात इथे हमखास कुणीतरी 'बाई, उलटं झालं' म्हणतं. दोन्ही बाजूंना पाव इंचाला किंचित कमी माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, ठेवून टीप मारा. मग ती माया कात्रीनं अर्धी करा, दशा उरू देऊ नका. पिशवी उलटी करा, कोपरे बोथट काडीनं बाहेर काढा आणि शिवणीवर नखानं किंवा इस्त्रीनं घडी बसवा. आता त्याच कडेला परत टीप, या वेळी पाव इंचाला किंचित जास्त माया ठेवून. पहिली कड दुसऱ्या शिवणीच्या पोटात जाते. दोन्ही टिपा मिळून प्रत्येक बाजूला अर्धा इंच माया गेली, म्हणजे ९ इंचांची पिशवी ८ इंच झाली आणि तोंडाचा घेर १६. दुसऱ्या टिपेनंतर सुलट बाजूनं शिवण ताणून बघा. कुठे केसासारखे धागे डोकावत असतील तर पहिली माया कमी कापली गेलीय. ती तिथेच उसवून नीट करा, पुढे गेल्यावर जमणार नाही.

पुढे तळ. पिशवी उलटीच आहे. एका कोपऱ्यात बोट घालून बाजूची शिवण तळाच्या घडीवर बरोबर बसवा, टोकदार त्रिकोण तयार होतो. टोकापासून शिवणीवर १ इंच मोजून आडवी रेघ मारा. ती रेघ २ इंच लांब आली पाहिजे, नाही आली तर त्रिकोण वाकडा धरलाय. रेघेवर दोनदा टीप मारा. दुसऱ्या कोपऱ्याला तसंच. त्रिकोण कापून टाकू नका, तळाकडे वळवून चार हातटाक्यांनी पक्का करा. कापला तर नवीन कड उघडी पडते आणि फ्रेंच सीमची मेहनत वाया. या दोन छोट्या टिपांनी पिशवी जमिनीवर उभी राहते. तुम्हाला वाटेल एवढ्यासाठी खटाटोप कशाला. पण चपटी पिशवी भरायला एक हात तोंड धरायला लागतो आणि दुसऱ्यानं वस्तू टाकायची. अडीच वर्षांच्या मुलाला दोन हातांनी दोन वेगळी कामं एकदम जमायला जड जातं. उभी पिशवी असली की दोन्ही हात भरायला मोकळे, आणि मूल तासभर रमतं.

बंदाची पट्टी लांबीत चार पदरी दुमडा. आधी दोन्ही कडा मध्यावर आणायच्या, मग परत मधून घडी. पाऊण इंच रुंद बंद होतो. दोन्ही कडांना टीप मारा, एकाच कडेला मारली तर तो धुतल्यावर पीळ खातो. याहून बारीक बंद करू नका, तळहाताला काचतो. याहून जाडही नको, लहान मूठ मिटत नाही.

तोंडाची वरची कड आतल्या बाजूला आधी अर्धा इंच, मग एक इंच दुमडा. प्रत्येक बाजूला मधोमध ३ इंच अंतर ठेवून बंदाची टोकं या दुमडीच्या आत एकेक इंच खोचा. मग तोंडाला सगळीकडून टीप मारा, दुमडीच्या खालच्या कडेला. त्यानंतर बंद वर वळवा आणि जिथे तो दुमडीवर येतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारा. पिशवीचा सगळा भार याच चार फुल्यांवर येतो. मुलाच्या हातात देण्याआधी तिच्यात किलोभर साखर घाला, एका बंदाला धरून खाली हिसका द्या, मग आतून टाके तपासा. तो हिसका मूल देणारच आहे.

एवढं झालं की ७ इंच उंच, तळाला २ इंच खोल, बंदासकट साधारण १२ इंचांची पिशवी तयार. मांजरपाट हाताशी धुवून ठेवलेलं असेल तर नवख्या हाताचं एका दुपारचं काम आहे, वीज गेली नाही तर!

सुया-टाचण्यांचं मात्र कटाक्षानं. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा, कापडाला तेही पुरतात. सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे मिळेपर्यंत काम पुढे नेऊ नका. तुकडे जुळवून बघा, टोक मिळालंच पाहिजे. जाड शिवणीत टोक अडकून बसतं आणि चुरगाळल्याशिवाय कळत नाही.

नाडीचं तुम्ही खास विचारलंय, कारण नाडीचा बटवा दिसतो गोड. तीन वर्षांच्या आत मी नाडी लावत नाही. गळ्यात अडकवली जाते, पलंगाच्या दांड्याला किंवा दाराच्या कडीला गुंतते. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांत अगदी लहान मुलांच्या खेळण्यांवरचा दोर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावा असं म्हटलंय, म्हणजे जेमतेम वीतभर. एवढ्या नाडीनं तोंड नीट आवळतच नाही. पुढे मुलगी मोठी झाल्यावर बटवा शिवाल तेव्हा नेफ्याच्या मध्यावर नाडीला दोन टाके घालून ती कापडाला पक्की करा, म्हणजे एका बाजूनं ओढून पूर्ण बाहेर येत नाही. टोकांना एकत्र गाठ मारून भोक करू नका, दोन सुटी टोकं ठेवा. चेनबद्दल एवढंच, की तिच्या दात्यांत बोटाची कातडी सापडते, आणि तुटलेला रनर सरळ तोंडात जातो. व्हेल्क्रो चालतो. उघडताना होणारा आवाज मुलांना फार आवडतो, पण त्यात चादरीची आणि टॉवेलची लव अडकते, आठवड्याला जुन्या दातब्रशनं साफ करावा लागतो.

आईसारखी खांद्याची पर्सच हवी म्हणून हट्ट धरला तर? तेव्हा पट्टा अखंड लावू नका. खांद्यावर येतो तिथे तो कापून एक इंच व्हेल्क्रोनं जोडा. कुठे अडकला तर ओढीबरोबर सुटून येतो. घसरगुंडीवर मात्र तोही नको, चढायच्या आधी काढून तुमच्या हातात घ्या.

सजावट कापडाचीच करा. दुसऱ्या रंगाचा तुकडा कडा दुमडून वर शिवा, किंवा जाड दोऱ्यानं साधी टीप घालून मासा, पान, काहीही काढा. घुंगरू, मोती, आरसे, टिकल्या, बटणं नकोत. छोट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरून चाचणी करतात, त्यात जो भाग पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याचा धरतात. घरात सव्वा इंचाचा अंदाज ठेवा. ओळखीच्या चारजणींना शिवून विकायचं मनात असेल तर वेगळा विचार करावा लागेल. विकायच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह सक्तीचं झालंय, मानक आयएस ९८७३. स्वतःच्या लेकीसाठी शिवायला ते लागत नाही, पण त्यातलं शहाणपण घरी वापरायला हरकत नाही.

आता चार-पाच पिशव्यांचं. सगळ्या एकसारख्या शिवू नका, मूल एकीशीच खेळेल. वर सांगितलेल्या दोन पुरेत, कारण एकीतून दुसरीत ओतायला दोन लागतात. तिसरी फेकायची शिवा, तळहातात मावेल एवढी, ४ इंच चौरस, आत भरलेली. सोलापूरकर म्हणून पहिला विचार ज्वारीचा येतो, आणि वजनाला, आवाजाला ज्वारी खरंच झकास. पण शिवण उसवली तर दाणे नाकात जातात, या वयात मुलं नाकात घालून बघतातच. शिवाय ज्वारीची पिशवी धुता येत नाही, ओली राहिली तर मोड येतात आणि पावसाळी हवेत किडे होतात. तुमच्या मुलीसाठी आत बारीक कापलेली कातरण गच्च भरा. हलकी पडते, पण सरळ धुण्यात टाकता येते. तीन वर्षं पुरी झाली की ज्वारीची करा. आधी ज्वारी उन्हात खडखडीत वाळवा, मग हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, आणि मांजरपाटाची आतली पिशवी शिवून वरून दुसरा अभ्रा चढवा. सगळीकडे दुहेरी टीप. चिंचोक्यांचंही तसंच. चौथी पिशवी ओळखायच्या खेळाची: आत चमचा, चेंडू, कंगवा असं काही ठेवायचं आणि न बघता हात घालून ओळखायचं. त्याला वेगळं काही शिवायला नको, वरच्याच मापाची गडद कापडाची केली की झालं.

खणाची शिवू का असंही कुणीतरी विचारेलच, बोरन्हाणाच्या दिवसांत हमखास विचारतात. फोटोपुरती शिवा. खणाच्या दशा फार सुटतात, अस्तराशिवाय टिकत नाही आणि रोजच्या धुण्यात त्याची रया जाते.

राहिली चादर. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी एखादी तरी विरलेली चादर कपाटाच्या तळाशी असतेच, आणि ती फेकवत नाही. वापरा की! जुनी चादर नव्या कापडापेक्षा बरी, कारण ती आटायची तेवढी आटून झालेली असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो आणि मऊ पडलेली असते. पण हातातली छोटी पिशवी तिची करू नका. ते कापड जाड. फ्रेंच सीममध्ये त्याचे पदर एकावर एक आले की घरगुती मशीन रडतं, टाके सुटतात, सुई वाकते. चादरीची करायची ती जमिनीवर ठेवायची मोठी पिशवी, ज्यात सगळी खेळणी सांजवेळी गोळा होतील. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला पसारा मावेल एवढी.

तिच्यासाठी सुई १६ नंबरची, अडली तर १८, टाका थोडा लांब. तुकडा कापण्याआधी कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक टीप मारून घ्या आणि मग मधून कापा. तसं नाही केलं तर कात्री फिरवताक्षणी कड सुटायला लागते, चादरीचे जाड धागे एकमेकांना धरून राहत नाहीत. बाजूची शिवण साधी, एकदाच, अर्धा इंच माया ठेवून, आणि कडेवर जुन्या सुती साडीची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गुंडाळून गोट घाला. चादरीचा विणलेला काठ तोंडाला येईल अशी आखणी केलीत तर वरची कड दुमडायचं कामच उरत नाही. ही पिशवी तोंडाला मोठी होणार, डोक्याचं माप तिला लागू पडत नाही. म्हणून तिला लांब बंद मुळीच नकोत, दोन बाजूंना मूठभर लांबीच्या दोन कड्या बस झाल्या. तोंड पसरून उभं राहावं म्हणून वरून तीन-चार इंच बाहेर दुमडून ठेवा, टोपलीसारखी बसते. आत नाक खुपसलं तरी विणीतून हवा येते, पण बाळ रांगणारं असेल तर रात्री ती वर उचलून ठेवा.

मांजरपाटाची पहिली पिशवी झाल्याशिवाय चादरीला कात्री लावू नका. आणि कुठे अडलंच तर पिशवी उलटी करून आतल्या शिवणीचा फोटो पाठवा. सुलट बाजू बघून मला काहीच सांगता यायचं नाही.